एकाच रंगाला तिथे इशारा, इथे नाही: खाद्यपदार्थाच्या लेबलबद्दल तक्रार कशी करायची

टार्ट्राझिन हा लिंबासारखा पिवळा रंग. पाकिटावर तो 'आयएनएस १०२' किंवा 'ई १०२' असा, म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या रंग-प्रिझर्व्हेटिव्हसारख्या पदार्थांना दिलेल्या क्रमांकानं दिसतो. हा रंग घातलेल्या गोळ्या युरोपात विकायच्या असतील, तर 'मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाचा इशारा पाकिटावर छापावाच लागतो. जुलै २०१० पासून तिथे हा नियम आहे. त्याच रंगाच्या गोळ्या ठाण्याच्या गोखले रोडवर विकल्या, तर असा इशारा लागत नाही. आपल्याकडे हा रंग ठरलेल्या पदार्थांत, ठरलेल्या प्रमाणात चालतो आणि घटकांच्या यादीत त्याची नोंद पुरते.

मुलीसाठी वाशीच्या एका दुकानातून आणलेल्या परदेशी जेलीच्या पाकिटावर हा इशारा छापलेला होता, पण नेमका त्याच्यावर आयातदाराचा स्टिकर चिकटवलेला होता. त्या पाकिटाची तक्रार मी शेवटपर्यंत नेली. आयातदाराला नोटीस गेली आणि पुढच्या मालावर स्टिकर इशारा सोडून बाजूला लागला. या वाटेवर कुठे काय विचारतात, कोणतं कार्यालय कोणाचं, कोणती तक्रार टिकते आणि कोणती पहिल्याच पायरीवर पडते, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बराच वेळ वाचला असता. तुमचा वाचावा म्हणून लिहिते आहे.

१. आधी ठरवा: तक्रार कायद्यात बसते का?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. ती नीट केली तर पुढचं सगळं सोपं जातं. लेबलवरच्या विसंगती तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार: इशारा परदेशात लागतो, भारतात लागत नाही. आपल्याकडच्या अनेक घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. ती सुट्टीला येताना तिथून घेतलेलं मसाल्याचं किंवा फरसाणाचं पाकीट आणतात आणि त्यावर 'या पदार्थात शिसं असू शकतं, कॅलिफोर्निया राज्याच्या माहितीनुसार त्यानं कर्करोग होतो' अशा अर्थाची ओळ असते. इथल्या दुकानात त्याच कंपनीच्या पाकिटावर ती नसते. मग 'आपल्याला विष विकतात' असा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. हा इशारा कॅलिफोर्नियाच्या १९८६ च्या 'प्रपोझिशन ६५' या कायद्यामुळे येतो. त्या यादीत सुमारे ९०० रसायनं आहेत. गर्भावरच्या परिणामांसाठी शिशाची मर्यादा दिवसाला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवली आहे आणि खासगी व्यक्तीलाही कंपनीवर दावा लावता येतो. त्यामुळे दावा टाळण्यासाठी कंपन्या सरसकट इशारा छापतात. त्या ओळीवरून पाकिटात नेमकं किती शिसं आहे हे कळत नाही, आणि ती ओळ नाही म्हणून इथलं पाकीट शुद्ध आहे असंही ठरत नाही. 'तिकडे इशारा आहे, इकडे का नाही' ही तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे टिकत नाही. प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, नियम बदलताना मसुदा जाहीर करून हरकती-सूचना मागवतं. तेव्हा लिहा. सामान्य ग्राहक तिथे फार कमी लिहितात, उद्योगवाले मात्र न चुकता लिहितात.

दुसरा प्रकार: इशारा किंवा माहिती भारतात बंधनकारक आहे, पण पाकिटावर नाही, पुसट आहे किंवा झाकलेली आहे. ही पक्की तक्रार. माझं जेलीचं पाकीट यात बसलं: तो इशारा इथे बंधनकारक नाही, पण छापलेला मजकूर झाकणं नियमाविरुद्ध आहे. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह व परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण अशा काही गोष्टी नंतर स्टिकरनं लावायची सवलत आहे, पण मूळ लेबलवरचा मजकूर झाकायचा नाही अशी अट तिला जोडलेली आहे. न्हावाशेवा बंदर आपल्या शेजारी असल्यानं आयात चॉकलेटं, जेली, नूडल्स नवी मुंबईच्या दुकानांत भरपूर दिसतात. स्टिकर नखानं हलकेच उचलून खाली काय आहे ते बघत जा.

तिसरा प्रकार: पाकीट स्वतःलाच खोटं पाडतं. पुढे मोठ्या अक्षरात 'नो प्रिझर्व्हेटिव्ह' आणि मागे बारीक अक्षरात आयएनएस २११, म्हणजे सोडियम बेंझोएट. किंवा ॲपवर दाखवलेली घटकांची यादी एक आणि घरी आलेल्या पाकिटावरची दुसरी. हीसुद्धा पक्की तक्रार.

इथे एक सापळा आहे. आयएनएस क्रमांक दिसला की ते प्रिझर्व्हेटिव्हच असं नसतं. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, ३२२ म्हणजे लेसिथिन, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. तसंच 'एमएसजी (म्हणजे अजिनोमोटो) नाही' लिहिलेल्या पाकिटावर ६२७ आणि ६३१ दिसले तर तेवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही. ते चव वाढवणारेच पदार्थ आहेत, पण एमएसजी म्हणजे ६२१. क्रमांक नीट बघूनच तक्रार करा.

२. भारतात काय छापावंच लागतं

२०२० चे लेबलिंगचे नियम बरेच मोठे आहेत. घरच्या ग्राहकाच्या उपयोगाचं तेवढंच सांगते.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात. रंग, प्रिझर्व्हेटिव्ह वगैरेंचा वर्ग आणि त्यासोबत नाव किंवा आयएनएस क्रमांक द्यावा लागतो. नुसतं 'परवानगी असलेले रंग' एवढं लिहून भागत नाही.

ॲलर्जीची माहिती वेगळी द्यावी लागते: ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट. सल्फाइटकडे दम्याच्या रुग्णांनी विशेष लक्ष द्यावं, कारण काहींना त्यानं धाप लागते. बाजारातले भडक केशरी जर्दाळू सहसा सल्फर डायऑक्साइड, म्हणजे आयएनएस २२०, देऊन टिकवलेले असतात. जुने-तपकिरी दिसणारे बहुधा त्याविना वाळवलेले असतात. दिवाळीच्या भेटीच्या डब्यांत हे जर्दाळू हमखास येतात आणि डब्यावर त्याची नोंद हमखास नसते.

ॲस्पार्टेम हा साखरेऐवजीचा कृत्रिम गोड पदार्थ घातला असेल तर फिनाइलकीटोन्यूरिया असलेल्यांसाठी नाही, असं लिहावं लागतं. हा जन्मजात आजार आहे आणि अशा मुलांच्या आईबापांसाठी ती एक ओळ फार मोलाची असते. एमएसजी घातलं असेल तर १२ महिन्यांखालच्या बाळांसाठी नाही, हे लिहायचं. एनर्जी ड्रिंकवर कॅफीन जास्त असल्याचं आणि मुलांसाठी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी नसल्याचं लिहायचं. पूजेचं तूप, पूजेचं तेल यांवर चौकोनात काळी फुली असते: हे खायचं नाही. ती खूण आजी-आजोबांना एकदा दाखवून ठेवा, कारण किराणा दुकानात हे डबे खायच्या तुपाशेजारीच मांडलेले असतात.

छोट्या पाकिटांना सूट आहे. पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर त्यावर घटकांची यादी नसली तरी चालते. पण ती मोठ्या पॅकवर असावी लागते. म्हणून शाळेसमोरच्या सुट्या गोळीवर काही लिहिलं नाही अशी तक्रार करू नका. दुकानदाराकडे मूळ बरणी किंवा बाहेरचं पाकीट दाखवायला मागा. तिथेही यादी नसेल, तर मग तक्रार बनते.

भाषेचा मुद्दा मला खटकतो. हे सगळं इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की कायद्याचं समाधान होतं. मराठी ऐच्छिक आहे. जांभळी नाक्यावर किराणा भरायला येणाऱ्या कितीतरी बायकांना त्या इशाऱ्याचा उपयोग शून्य आहे. पाकीट मराठीत नाही म्हणून तक्रार टिकणार नाही, पण मसुद्यावर सूचना द्यायची वेळ येईल तेव्हा मी हीच मागणी पहिली लिहीन. तोवर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून बघता येतं. बारीक छपाईवर ते कधीकधी चुकतं, म्हणून आयएनएस क्रमांक स्वतः वाचा.

३. आधी पुरावा गोळा करा

दुकानदाराशी बोलण्याच्या आधी हे करा. एकदा बोललात की माल शेल्फवरून आत जाऊ शकतो.

- बिल. छोट्या दुकानात मागून घ्या आणि त्यावर पदार्थाचं नाव लिहून घ्या. यूपीआयच्या नोंदीत रक्कम दिसते, वस्तू दिसत नाही.
- पाकिटाच्या सर्व बाजूंचे फोटो. बॅच क्रमांक, तारीख, परवाना क्रमांक आणि वादाचा मजकूर यांचे जवळून वेगळे फोटो.
- स्टिकर असेल तर आधी स्टिकरसकट फोटो, मग उचलून खालचा.
- त्याच बॅचचं दुसरं, न उघडलेलं पाकीट. लेबलवर सांगितल्याप्रमाणे थंड किंवा कोरड्या जागी ठेवा.
- ऑनलाइन घेतलं असेल तर त्या पानाचे स्क्रीनशॉट, त्याच दिवशी. घटकांसारखी बंधनकारक माहिती खरेदीच्या आधी ग्राहकाला दिसली पाहिजे असा नियम आहे, आणि विक्रेते ते पान नंतर दुरुस्त करू शकतात.
- कोणाला त्रास झाला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर तारीख आणि काय खाल्लं याची नोंद.

रिकामं पाकीट कचऱ्यात टाकू नका. घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

४. परवाना क्रमांक पडताळा

एफएसएसएआयच्या चिन्हाखाली १४ अंकी क्रमांक असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. महाराष्ट्राचा राज्य परवाना ११५ नं सुरू होतो, केंद्राचा १०० नं. 'फॉसकॉस' या एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर तो टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. क्रमांक दुसऱ्याच कोणाचा निघाला, तर तुमची तक्रार लेबलच्या चुकीपेक्षा पुष्कळ गंभीर होते. तसं असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा.

५. कोणाचं कार्यालय?

नवी मुंबईकर इथे अडकतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगडमध्ये. ठाणे जिल्ह्याचं एफडीएचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे, रायगडचं पेणला. महत्त्वाचा असतो दुकानाचा पत्ता, तुमचा नाही. राहता नेरुळला आणि घेतलं खारघरच्या दुकानातून, तर तक्रार रायगडकडे जाते. चुकीच्या ठिकाणी दिलेला कागद पुढे पाठवतात, पण तोवर त्या बॅचचा माल विकून संपतो.

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात या कामासाठी जाऊ नका. लेबलचं काम एफडीएच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं आहे. वजन कमी भरलं किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर तो विषय वैधमापन विभागाचा.

तक्रार नोंदवायचे मार्ग:

- एफएसएसएआयचं 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲप. फोटो जोडता येतात आणि क्रमांक मिळतो.
- राज्य एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.
- एफएसएसएआयचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२१००.
- सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे लेखी अर्ज, पोच घेऊन.
- पैसे परत हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मी ॲपवर नोंद करते आणि त्याची प्रत जोडून लेखी अर्जही देते. ॲपमुळे तारीख पक्की होते आणि अर्जामुळे अधिकाऱ्याशी समोरासमोर बोलता येतं. वागळे इस्टेटमध्ये मला भेटलेल्या अधिकाऱ्यांनी पाकीट हातात घेऊन नीट पाहिलं. त्यांच्याकडे माणसं कमी आणि जिल्हा मोठा, तेव्हा आपला कागद सुटसुटीत असणं ही त्यांना खरी मदत आहे.

६. तक्रार कशी लिहायची

'कंपनी मुलांना विष देते, कडक कारवाई करा' असं लिहिलेल्या अर्जावर कोणालाही काही करता येत नाही. नियमात काय हवं आणि पाकिटावर काय आहे, हे दोन वाक्यांत शेजारीशेजारी मांडा. हा नमुना घ्या आणि आपल्या प्रकरणाप्रमाणे बदला:

*'दि. ___ रोजी ___ या दुकानातून (पत्ता) ___ हा पदार्थ घेतला. बॅच क्र. ___, उत्पादन दि. ___, परवाना क्र. ___. पाकिटाच्या पुढच्या बाजूस "नो प्रिझर्व्हेटिव्ह" असे छापले आहे. घटकांच्या यादीत आयएनएस २११ हे प्रिझर्व्हेटिव्ह नमूद आहे. हा मजकूर दिशाभूल करणारा असून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार पदार्थ मिसब्रँडेड ठरतो असे माझे म्हणणे आहे. त्याच बॅचचा माल दि. ___ रोजी दुकानात विक्रीस होता. तपासणी करून नमुना घ्यावा व केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी. सोबत बिल व फोटो जोडले आहेत. न उघडलेले पाकीट माझ्याकडे आहे.'*

आजार, कर्करोग, कट-कारस्थान यातलं काहीही लिहू नका. कोणाला प्रत्यक्ष त्रास झाला असेल तर तारीख आणि लक्षणं तेवढी लिहा. फोटो समाजमाध्यमावर टाकायचा मोह या टप्प्यावर आवरा. सिद्ध न झालेला आरोप केल्याबद्दल तुम्हालाच नोटीस येऊ शकते.

पदार्थ मिसब्रँडेड, म्हणजे चुकीच्या किंवा दिशाभूल करणाऱ्या लेबलचा, ठरला तर या कायद्याच्या कलम ५२ खाली ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि चूक दुरुस्त करायचा किंवा माल नष्ट करायचा आदेशही देता येतो. दंड सरकारजमा होतो, तुम्हाला त्यातून काही मिळत नाही. पण लेबल सुधारलं की ते त्या मालाच्या प्रत्येक ग्राहकासाठी सुधारतं.

७. आत काय आहे ते तपासून घ्यायचं असेल तर

यादीत न लिहिलेला रंग घातल्याचा संशय असेल, तर फोटो पुरत नाहीत. महापे-रबाळे पट्ट्यात खासगी प्रयोगशाळा आहेत आणि त्या पैसे घेऊन तपासून देतात. पण तुम्ही स्वतः नेऊन दिलेल्या नमुन्याच्या खासगी अहवालावर एफडीए थेट खटला भरत नाही. अधिकाऱ्याला तपासणीला पाठवायला तो आधार म्हणून चालतो, इतकंच.

कायद्याच्या कलम ४० खाली ग्राहकाला स्वतः फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. दोष निघाला तर फी परत मिळते. अट अशी, की हा पदार्थ आपण तपासणीला देणार आहोत हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. घरी आणून, खाऊन, मग आठवलं तर हे कलम उपयोगी पडत नाही. शिवाय नमुना घेण्याची आणि सील करण्याची पद्धतही पाळावी लागते. म्हणून आधी एफडीए कार्यालयात जाऊन विचारा आणि शक्य तर सोबत एक साक्षीदार घेऊन खरेदीला जा.

बहुतेक वेळा सोपा मार्ग असा: अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानंच दुकानातून नमुना घ्यावा अशी विनंती करा. अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो आणि विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

८. तक्रार नुसतीच 'बंद' झाली तर

ॲपवर कधीकधी कंपनीचं छापील उत्तर जोडून तक्रार बंद केलेली दिसते. मग माहितीचा अधिकार वापरा. राज्याच्या ऑनलाइन संकेतस्थळावर १० रुपये भरून तीनच प्रश्न विचारा: तपासणी कोणत्या तारखेला झाली, नमुना घेतला का, आणि अहवालाची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'कारवाई का केली नाही' असा प्रश्न विचारू नका. 'का'ला उत्तर देणं बंधनकारक नाही, कागद मागितला तर द्यावाच लागतो. 'आपले सरकार'वर वरिष्ठांकडेही दाद मागता येते.

तुमचं स्वतःचं नुकसान झालं असेल, म्हणजे दवाखान्याचा खर्च किंवा आजारपण, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुरेसा इशारा न दिल्याबद्दल उत्पादकाला जबाबदार धरायची तरतूद आहे. इथे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो: ठाणेकरांना ठाण्यात, बेलापूरपर्यंतच्या नवी मुंबईकरांना नवी मुंबईच्या अतिरिक्त आयोगात, खारघर-पनवेलकरांना अलिबागला. 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येतो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही, आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. मुदत घटनेपासून २ वर्षं. डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि न उघडलेलं पाकीट तोवर जपून ठेवा. पाकिटावरची शेवटची तारीख उलटून गेली तरी ते फेकू नका, कारण त्यावरचं लेबल हाच तुमचा पुरावा आहे.